न बसणाऱ्या सिस्टर

मनूच्या नव्या शाळेचा आरोग्याचा फॉर्म घरात आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला बसते आणि उठते. कूलरमध्ये पाणी आहे की नाही, ते आत्ताच पाहिलेलं असताना पुन्हा जाऊन पाहते. फॉर्म टीव्हीजवळ ठेवला आहे, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर रिमोट ठेवला आहे. सोमवारी तो शाळेत द्यायचा आहे. काल मनूचे बाबा जेवता जेवता म्हणाले, "तू त्या सिस्टरसारखी काहून करून राहिली?"

तेव्हापासून सिस्टर डोक्यातून जात नाहीत. बोलून दाखवणं मला जमत नाही, म्हणून लिहून काढते. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही.

सिस्टर अमरावतीत आमच्या घरमालकीण होत्या. आम्ही भातकुलीकडून इथे आलो तेव्हा मनू कडेवर होती. सिस्टरची सगळी नोकरी चांदूर बाजारच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी घर बांधलं आणि मागच्या खोल्या भाड्यानं दिल्या. मधल्या अंगणात एक कडुनिंब, नळ आणि कपडे धुवायचा दगड. त्यांचे मालक आधीच वारले होते. मुलगा अकोल्याला नोकरीत होता.

त्या बसत नसत. म्हणजे थकल्यावर टेकतात तशाही नाही. खिचडी वाटीत घेऊन नळाजवळ उभ्यानं खायच्या. पेपर फाटकाशी उभ्यानं वाचायच्या, तोही एक पान वाचून दुसरं पान गच्चीवर. समोरच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर कायम कांद्यांची पिशवी. आलेल्या माणसालाही त्या बस म्हणत नसत. धामणगावहून त्यांचा भाऊ यायचा, तो भिंतीला पाठ लावून चहा प्यायचा आणि जाताना आम्हाला सांगायचा, "बाईच्या घरी आलं का पाय दुखतेत."

बोलण्याचंही तसंच. वाक्य एका खोलीत सुरू करायच्या आणि दुसऱ्या खोलीत संपवायच्या. "अवं, तुह्या पोरीले काल राती," म्हणत स्वयंपाकघरात शिरायच्या, आणि आतून डब्यांच्या आवाजात उरलेलं ऐकू यायचं, "खोकला होता काय?" पूर्ण ऐकायचं असेल तर त्यांच्या मागे चालावं लागे. गल्लीतल्या बायका याला कंटाळायच्या. मला मात्र ते बरं वाटायचं. समोरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं की माझा आवाज आत जातो. लहानपणापासून तसंच आहे. सिस्टरच्या पाठीशी मी बोलू शकत होते. नळापासून गच्चीपर्यंत मी त्यांच्या मागे फिरायचे आणि माहेरचं, सासरचं काय काय सांगायचे. त्या वळून पाहत नसत.

जून लागला की गल्लीतल्या आया त्यांच्याकडे फॉर्म घेऊन यायच्या. शाळेत नाव घालायचं तर आरोग्याचा फॉर्म लागतो: उंची, वजन, लसी, डोळे, दात, आणि शेवटी कुठला आजार असल्यास ती ओळ. खाली सही त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर करायचे, पण मजकूर सिस्टर भरायच्या. त्यांची अट एकच होती. मूल सकाळी आणून सोडायचं आणि दिवे लागल्यावर न्यायचं.

"दिवसभर?" कोणी नवीन बाई विचारायची.

"घंटाभर तं कोनतंबी लेकरू चांगलंच दिसते," सिस्टर म्हणायच्या. "दिवसभर सोड. मंग समजते."

मग अंगणात पोरांचा गोंधळ व्हायचा. सिस्टर कोणाला हात लावत नसत, नळी कानाला लावत नसत. हातात पळी घेऊन त्यांच्या मधून फिरत राहायच्या. कोण चेंडूसाठी उशिरा धावतं, कोण मान वाकडी करून बघतं, कोण सारखं खाजवतं. संध्याकाळी उभ्या उभ्या, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून फॉर्म भरायच्या. आया आपल्या खुशीत असायच्या, कारण दिवसभर लेकरू सांभाळायला कोण देतं?

त्यांचं चुकायचंही. मागच्या गल्लीतल्या एका पोराला त्यांनी एका कानानं ऐकू येत नाही असं ठरवलं होतं. दिवसभर हाका मारल्या, त्यानं एकदाही ओ दिली नव्हती. त्याची आई रडत मोठ्या दवाखान्यात गेली, पुन्हा बोलावलं म्हणून पुन्हा गेली. कान चांगले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "मग बाळा, त्यांना उत्तर का नाही दिलं?" तर म्हणतो, "मले त्यायच्यासंग बोलाचंच नोयतं. त्याइनं माहा भोवरा घेतला." ही गोष्ट गल्लीत किती तरी दिवस पुरली. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराची कडी वाजवली, उंबऱ्यावर भोवरा ठेवला, "माहं चुकलं व माय," म्हणाल्या आणि दार पुरतं उघडायच्या आत कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

मनूला पहिलीत घालायचं होतं तो जून.

मनूला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. ती वर्षाची असताना हातपाय सुजले, तेव्हा रक्त तपासलं. मनूचे बाबा आणि मी, आमची दोघांची कार्डं पिवळी निघाली, म्हणजे आजार आमच्यात आहे पण त्रास नाही. मनूचं लाल, म्हणजे पूर्ण आजार. तिला पाणी कमी पडलं, गारठा बसला किंवा फार दमली की अंग दुखतं. ताप आला तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आदल्या वर्षी एका इंग्रजी शाळेत आम्ही फॉर्मवर हे खरं लिहिलं होतं. जागा भरल्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला तिथेच जागा मिळाली. मग मनूला गल्लीतल्या बालवाडीत टाकलं आणि तिथे काहीच सांगितलं नाही. तिथे सव्वीस जानेवारीला सकाळच्या थंडीत पोरांना रांगेत उभं केलं. मनू पाय दुखतात म्हणून रडली, त्यांना वाटलं हट्ट करते. संध्याकाळी तिला सलाईन लागली होती. लिहिलं तर शाळा नाही, लपवलं तर पोरगी जीवानिशी जायची भीती. रात्री अंथरुणावर माझं मन या दोन गोष्टींमधे येरझारा घालायचं. मनूच्या बाबांनी ठरवून टाकलं होतं, यंदा निरोगी लिहायचं.

मनूला मी सकाळी सिस्टरच्या अंगणात सोडलं. दिवसभर पोरं उड्या मारत होती आणि ती कडुनिंबाला टेकून. मधेच धावायची, परत येऊन टेकायची. तिची बाटली दोनदा भरून द्यावी लागली. संध्याकाळी मी शेंगदाणे कुटत होते. सिस्टर माझ्या दारावरून जाता जाता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लाल का पिवळं?"

माझा हात थांबला. "लाल," मी म्हटलं.

त्या नळाकडे चालू लागल्या. मी बत्ता ठेवून मागे गेले. नळापासून गच्ची, गच्चीवरून फाटक, फाटकापासून परत नळ. इंग्रजी शाळेचं, बालवाडीचं, सलाईनचं, सगळं त्यांच्या पाठीला सांगितलं.

फॉर्म परत आला तेव्हा उंचीपासून दातांपर्यंत सगळं भरलेलं होतं. शेवटची ओळ कोरी. मनूचे बाबा कामावरून आले ते तसेच फाटकाशी गेले.

"सिस्टर, एवढी एक रेघ भरून द्या ना. निरोगी हाय म्हणून."

"माह्या हातानं खोटं नाई लिवनार."

"मंग खरं लिवा, अन् ठेवतो पोट्टी घरी."

"खरं बी नाई लिवनार," सिस्टर म्हणाल्या. त्या फाटकाची कडी लावत होत्या, काढत होत्या. "फॉर्म कपाटात जाते. कपाटाले कुलूप लागते. पोट्टीचे पाय दुखतीन तवा मास्तरीन काय कपाट उघडाले जाईन?"

"मंग कराचं काय आमी?"

"तुही बायको सांगन. तोंडानं. जे कोन पोट्टीसमोर दिवसभर राहीन, त्याले."

मनूच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "हे? हे दुकानात साखर मांगाले बोट दाखवते."

ते खोटं नव्हतं.

"मंग तू जा," सिस्टर म्हणाल्या.

"माही सुट्टी?"

"अन् सुट्टी भेटली तरी काय सांगशीन? पोट्टी दुखाच्या आदी कशी बसते, माईत हाय तुले?"

मनूच्या बाबांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मनू आधी बोटं मिटून घेते, मग गप्प होते, रडणं त्याच्या पुष्कळ नंतर येतं.

त्या दिवसापासून सिस्टर माझ्या मागे लागल्या. मी कपडे धुवत असले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "बोल." मी बोलायचे. पाणी मागेल तेव्हा पिऊ द्या. लघवीला सोडा. खेळू द्या, पण थकली की बसू द्या. बोटं मिटली किंवा ताप आला तर फोन करा. भिंतीला सगळं नीट सांगायचे. मग सिस्टर भिंतीवरून डोकं वर काढायच्या आणि माझी नजर साबणाकडे.

"आता काय झालं?"

मी कपडा दगडावर घासत राहिले.

"म्या तोंड केलं का तुहं तोंड बंद. काय करू तुले?" कपाळावर हात मारून त्या चालू लागायच्या. आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की माझं पुढचं वाक्य आपोआप यायचं. त्या आणखी चिडायच्या. "माही पाठ काय हेडमास्तरीन हाय?"

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आला. मनूचे बाबा कामावर गेले. सिस्टर सोबत आल्या. ऑटोतही त्या दांडा धरून अर्ध्या उठलेल्या, मनू आमच्या दोघींच्या मधे. मी मनात एकच धरून होते, की माझा आवाज गेला तर सिस्टर आहेत.

शाळेच्या ऑफिसबाहेर बायका बाकांवर बसल्या होत्या. शिपायानं सिस्टरना ओळखलं. "तुमी आमच्या गावच्या दवाखान्यात होत्या ना? माह्या पोरीचं बाळंतपन तुमीच केलं." तो धावत आत गेला आणि एक चांगली हाताची खुर्ची घेऊन आला, रुमालानं पुसली. "बसा, सिस्टर."

सिस्टरनी खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आलीच मी," म्हणाल्या आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेल्या.

आमचा नंबर आला तरी त्या आल्या नाहीत. मी दारातून फाटकाकडे पाहिलं. फाटक रिकामं होतं.

हेडमास्तरीण मॅडमनी चष्मा पुसून फॉर्म वाचला. "ही ओळ कोरी का?" त्यांनी वर पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत. मी नजर टेबलाच्या कडेकडे वळवली. "काही नाही ना? निरंक लिहिते." त्यांनी लिहिलं. मनूनं माझा पदर धरला होता. मॅडम उठल्या, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे चालू लागल्या.

मी त्यांच्या मागे गेले. ठरवून नाही. पाठ चालू लागली की मागे जायची माझ्या पायांना सवयच होती. टेबलाला वळसा घालून, तिकडे पालकांनी जायचं नसतं, आणि त्यांच्या पाठीला सांगितलं. "मॅडम, पोरीले सिकलसेल हाय. लाल कार्ड हाय. पाणी मांगन तवा पिऊ द्या." सगळं आलं, लघवीचं, खेळाचं, बोटांचं, तापाचं. बालवाडीत थंडीत उभं केलं तेही आलं, जे भिंतीला कधी सांगितलं नव्हतं.

मॅडम कपाटाच्या दारावर हात ठेवून थांबल्या. मग वळल्या. "मग फॉर्ममधे का नाही लिहिलं?"

माझा आवाज जायला लागला. मी त्यांच्या तोंडाऐवजी कपाटाला लटकणाऱ्या किल्लीकडे पाहिलं. "फॉर्म कपाटात राहते, मॅडम. पोरगी वर्गात राहीन."

 मला वाटलं, आता जागा भरल्या म्हणतील. मी मनूचा हात धरला, निघायच्या तयारीनं. मॅडमनी टेबलाशी येऊन निरंक खोडलं, तिथे आजाराचं नाव लिहिलं आणि शिपायाला सांगितलं, "पहिलीच्या बाईंना बोलाव." मग मला म्हणाल्या, "मला सांगितलं ते त्यांना सांगा. आणि माझ्या पाठीला सांगितलं तसं नको, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा."

पहिलीच्या बाई लहानशाच होत्या, हाताला खडू. मी सांगितलं. हनुवटीपर्यंत पाहू शकले. त्यांनी मधेच विचारलं, "बोटं मिटते म्हणजे कशी?" मनूनं मूठ करून दाखवली.

घरी आलो तर सिस्टर गच्चीवर गहू पसरत होत्या.

"झालं?"

"झालं. घेतलं तिले. तुमी कुठी गेल्ता?"

"खुर्ची देल्ली ना व त्यानं," त्या म्हणाल्या आणि पाण्याच्या टाकीमागे गेल्या. पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबले. आलं नाही.

मनूचे बाबा संध्याकाळी म्हणाले, "भैताड बुढी. भर वक्ताले पळाली." आणि मनूला दोन वेळा उचलून फिरवलं.

मनू त्या शाळेत चौथी झाली. सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसरीत असताना तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. पण त्या दिवशी शाळेतून फोन मधल्या सुट्टीच्या आत आला होता, बाईंनी तिची मूठ पाहिली होती.

मागच्या वर्षी सिस्टर स्वतःच्याच पायऱ्यांवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलानं त्यांना अकोल्याला नेलं, घर विकलं, आम्ही दुसऱ्या गल्लीत आलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मनूला घेऊन बसनं अकोल्याला गेले. मुलाचं घर वरच्या मजल्यावर. दार उघडलं आणि समोर खिडकीशी सिस्टर खुर्चीत बसलेल्या. मी आधी त्यांना ओळखलंच नाही. उभ्या सिस्टरपेक्षा ही बाई फार लहान होती. फक्त बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती, इकडून तिकडे.

मनूला पाहून म्हणाल्या, "पानी पेते काय नीट?"

"हाव, आजी."

त्यांच्या सूनबाई चहा करायला गेल्या तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं. त्या बसलेल्या, तोंड माझ्याकडे, तरी विचारलं. "सिस्टर, त्या दिवशी शाळेतून तुमी खुर्चीसाठी गेल्या का मुद्दाम गेल्या?"

त्यांच्या डोळ्यांत थोडं हसू आलं. "त्या दिवशी म्या," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मला कळलं की उरलेलं वाक्य तिकडे जाऊन बोलायची त्यांची सवय होती, आणि आता जाता येत नव्हतं. मी वाट पाहिली. चहा आला. सूनबाई उन्हाचं बोलू लागल्या. वाक्य तसंच राहिलं. दिवाळीनंतर सिस्टर गेल्या.

आज सोमवार. फॉर्म देऊन आलो, म्हणून पुढचं लिहिते.

पाचवीची शाळा मोठी आहे, तिथे मला कोणी ओळखत नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, म्हणून पाचवी हा शब्दच मला थोडा परका वाटतो. काल मनूनं फॉर्म स्वतः भरला. शेवटच्या ओळीत आजाराचं नाव नीट अक्षरात लिहिलं. मग म्हणाली, "आई, तू आतमदी येऊ नको."

"काहून?"

"तू सगळंच सांगतं. मंग मॅडम मले नुसतं बसवून ठेवते. म्या लिवलं हाय, अन् सांगीन बी मीच. मले खो-खो खेळाचा हाय."

"अन् नाई सांगितलं तं?"

"सांगीन ना व."

"बोटांचं सांगशीन?"

"सांगीन."

तिचे बाबा हसले. मला हसू आलं नाही. तिचाही आवाज ऐन वेळी गेला तर? खेळायला मिळावं म्हणून तिनं अर्धंच सांगितलं तर? रात्रभर हेच.

आज ऑफिसच्या दारापर्यंत मी गेले. तिनं मागे वळून पाहिलं, मी आत येते का म्हणून. मला आत जायचं होतं. सगळ्या गोष्टी माझ्या ओठांवर होत्या. एवढ्यात शिपाई एक स्टूल घेऊन आला. "बाई, बसा. टाइम लागन."

"नाई भाऊ," मी म्हटलं. "मले बसवत नाई."

आणि मी व्हरांड्यात चालू लागले. मनूकडे पाठ करून, टोकाच्या नळापर्यंत. आतून कोणी तरी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग कागदांचा आवाज. मग काहीच नाही. पाय परत दाराकडे वळत होते, ते मी वळू दिले नाहीत. नळाजवळ एक पोरगा पाणी पीत होता. मागे लोखंडी कपाटाचं दार करकरलं, आणि मनूचा आवाज आला, नीट, मोठ्यानं:

"मॅडम, कपाट लावू नका. मले अजून सांगाचं हाय."

मी चालतच राहिले.